३४ पेपर वाचले, टीप एकही नाही

संशोधन करणारी मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक 'मन लागत नाही' असं सांगत. थोडं खोदलं की खाली एखादी नेमकी अडचण निघते. या मुलीची (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) अडचण होती ॲनोटेटेड बिब्लिओग्राफी, म्हणजे सटीप संदर्भसूची. प्रत्येक संदर्भाखाली साधारण १५० शब्दांची टीप लिहायची: त्यात काय म्हटलंय, ते कितपत भरवशाचं आहे आणि आपल्या पेपरात कुठे उपयोगी पडतं.

"मॅडम, ३४ पेपर वाचलेत. टीप लिहायला बसलं की ॲबस्ट्रॅक्टच, म्हणजे पेपरच्या सुरुवातीचा सारांशच उतरतो. गाइडनी सगळं परत पाठवलं. आणि एवढ्या मोठ्या लोकांच्या कामाचं मूल्यमापन करणारी मी कोण?"

या शेवटच्या प्रश्नावर मी पूर्वी 'आत्मविश्वास ठेव' म्हणायचे. उपयोग शून्य. म्हणून म्हटलं, एक पेपर काढ.

तिचा विषय शाळकरी मुलांच्या अभ्यासाच्या सवयी. तिने डनलॉस्की आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा आढावा काढला. अभ्यासाच्या १० पद्धती त्यात पारखल्या आहेत. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास थोडा थोडा विभागून करणं सर्वांत उपयुक्त ठरलं; मजकुरावर रंग मारत जाणं कमी उपयोगाच्या पद्धतींत गेलं. आणि तिची प्रत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पिवळीधमक! मी नुसतं त्या ओळीवर बोट ठेवलं. आल्यापासून पहिल्यांदाच ती हसली.

मग रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा पेपर. तिची टीप अशी: 'या अभ्यासात चाचणीचा स्मरणावरील परिणाम तपासला असून निष्कर्ष महत्त्वपूर्ण आहेत.' हे वाक्य कुठल्याही पेपरखाली चिकटवता येईल. लॅपटॉप मिटायला लावला आणि म्हटलं, धाकट्या भावाला सांगतेस तसं सांग.

"मुलांना उतारे वाचायला दिले. काहींनी तेच परत वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने उलटं झालं, आठवून लिहिणारे पुढे."

"मग तुझ्या पेपरात हे कुठे बसतं?"

ती गप्प. मीही बोलले नाही.

"मी तर धडा संपल्या संपल्याच चाचणी घेणार होते," ती हळूच म्हणाली. "म्हणजे परत वाचणंच चांगलं, असा निकाल आला असता माझा."

लगेच लिहायला लावलं. टिपेच्या शेवटी तिने लिहिलं: 'सहभागी कॉलेजचे विद्यार्थी होते आणि उतारे छोटे होते, शाळेतल्या पूर्ण धड्याला हे जसंच्या तसं लागू होईल असं नाही. चाचणी केव्हा घ्यायची, हे ठरवताना मात्र मला याचा आधार आहे.'

"झालं की मूल्यमापन," मी म्हटलं.

"मी फक्त फरक सांगितला."

मूल्यमापन म्हणजे दोष काढणं, हे या मुलांच्या डोक्यात कुठून बसतं कोण जाणे. पेपर लिहिणाऱ्यांच्या कामाची हद्द कुठे संपते आणि आपलं काम कुठे सुरू होतं, एवढंच तर सांगायचं असतं.

तिचा निम्मा जीव सूचीतल्या स्वल्पविराम आणि तिरप्या अक्षरांत अडकला होता. ते शेवटी कर म्हटलं. झोटेरोसारखं सॉफ्टवेअर सूची लावून देतं, आपण फक्त डोळ्यांखालून घालायची. आणि यापुढे हायलायटर नाही. पेपर वाचून झाला की तो मिटायचा आणि दोन प्रश्नांची उत्तरं लिहायची: काय कळलं, मला कशाला हवं.

दहाएक दिवसांनी तिचा मेसेज आला. 'मॅडम, १९ टिपा झाल्या. सहा पेपरांना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरच सुचत नाहीये.'

'मग?'

'काढून टाकले.'