ती गाडी माझी नव्हतीच

"गेल्या सुट्टीत रोबोटिक्सचं शिबिर केलं, प्रमाणपत्र मिळालं. यंदा पुन्हा नाव घालायचं म्हटलं की हा रडायला लागतो. वर्गातली निम्मी मुलं कोडिंग शिकतायत. हा मागे पडेल का हो, मॅडम?"

उन्हाळा तोंडावर आला की हा प्रश्न येतोच. या वेळी समोर दहा वर्षांच्या निहालचे (नाव बदललं आहे) आईबाबा होते. बाबांनी मोबाइलवर शिबिराच्या शेवटच्या दिवसाचा व्हिडिओ लावला: पांढऱ्या फ्लेक्सवर जाड काळी रेघ, तिच्यावरून चालणारी गाडी, टाळ्या. निहाल खुर्चीच्या हाताचं रेक्झिन नखाने सोलत बसला होता. मी आईबाबांना बाहेर बसायला सांगितलं.

दार लागलं तसा तो म्हणाला, "ती गाडी माझी नाहीये."

त्याची गाडी एका वळणावर रेघ सोडून भरकटायची. सरांनी कोड पाहिला, बरोबर होता. तोवर पालक दारात येऊन उभे. सरांनी शेजारच्या मुलाची चालती गाडी त्याच्यापुढे सरकवली आणि व्हिडिओ निघाला.

"कुठे भरकटायची?" मी कागद पुढे केला. त्याने रेघ काढली, वळणावर फुली मारली. थोडं थांबून फुलीशेजारी एक खिडकी काढली. "इथे. सकाळी नाही व्हायचं. दुपारीच."

मला यातलं ओ की ठो कळत नाही. संध्याकाळी इलेक्ट्रॉनिक्सवाल्या भावाला फोन केला, तर तो हसायलाच लागला. या गाडीच्या पोटाशी इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण सोडून परत आलेले टिपणारा सेन्सर असतो. पांढऱ्यावरून ते किरण परततात, काळा रंग बरेचसे शोषून घेतो. त्या फरकावरून गाडी रेघ ओळखते. उन्हातही इन्फ्रारेड असतंच. ते थेट सेन्सरवर पडलं की त्याला काळंही पांढरं वाटू शकतं. म्हणजे पोराने बिघाड जवळजवळ पकडला होता! खिडकीचा पडदा ओढून पाहायचा, एवढंच राहिलं होतं. आणि घरी तो काय घेऊन आला, तर "मला हे जमत नाही".

पुढच्या भेटीत आईबाबांना हे सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. सरांनाही मी फार दोष देत नाही. शेवटच्या दिवशी प्रत्येक गाडी चाललीच पाहिजे, हा हट्ट आपलाच असतो.

मागे पडण्याच्या भीतीबद्दल सांगायचं तर, स्क्रॅच ही स्क्रीनवरचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची सोय २००७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातून सर्वांसाठी खुली झाली. ती मुख्यतः ८ ते १६ वयोगटासाठी आहे आणि फुकट आहे. त्यामुळे दहाव्या वर्षी कुठलीच गाडी चुकत नाही. १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवणाऱ्यांपैकी सिमूर पॅपर्ट यांचा तर सगळा भर चूक शोधून दुरुस्त करण्यावर होता. जाहिरातीत मात्र "पाच दिवसांत एआय" असतं.

शिबिरवाल्यांना मी एकच प्रश्न नक्की विचारायला सांगते: मूल अडलं की तुम्ही काय करता? "आमच्याकडे कुणी अडत नाही, सगळं तयार असतं," असं उत्तर आलं तर खुशाल उठून या. एका शिक्षकामागे किती मुलं, हे त्याच ओघात कळतं. किट बहुतेक ठिकाणी परत घेतात, पण निदान प्रोग्रॅमची फाइल घरी आणता यावी. मुलांच्या नावाने खाती उघडतात, फोटो टाकतात, त्याची परवानगी आधी स्पष्ट करून घ्या. बऱ्याच ऑनलाइन सेवांना १३ वर्षांखालचं मूल चालत नाही. आणि शिबिर संपल्यावर प्रमाणपत्र भिंतीवर लावण्याआधी मुलाला म्हणा, "हीच गाडी जरा हळू चालवून दाखव." त्यात त्याने काय बदललं ते बघा.

निहालच्या बाबांनी एक साधं किट आणलं. परवा आईचा फोन आला. खोलीच्या कोपऱ्यात गाडी नीट चालते, खिडकीत भरकटते, आणि हे दाखवायला तो येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून नेतो. सध्या गाडीच्या पोटाला पुठ्ठ्याची झालर लावणं चालू आहे. शिबिरात नाव अजून घातलेलं नाही.