बेळगावच्या किल्ल्यावरील गेममध्ये कोणती अग्निशस्त्रे घ्यावीत?

तुमच्या गेमचा काळ 1472-73 च्या सुमाराचा, म्हणजे बहामनी वजीर महमूद गावानने बेळगावला घातलेल्या वेढ्याचा असेल, तर मुख्य मान अग्निबाणाला (दारूच्या रॉकेटला) नव्हे, सुरुंगाला द्या. कारण दख्खनमध्ये तटाखाली दारू भरून भिंत उडवण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत हाच वेढा गणला जातो. आपल्या किल्ल्याचा खोल, रुंद खंदक काठावर उभे राहून एकदा नीट पाहा, म्हणजे तटापर्यंत भुयार नेणे किती जिकिरीचे होते ते कळेल. खेळाडूलाही तो वेळ आणि ती धास्ती जाणवू द्या.

पेटता तीर मात्र जपून वापरा. तेलात भिजवलेल्या चिंध्यांनी त्याचे टोक जड होते, पल्ला घटतो आणि जोरात सोडल्यास ज्योत वाटेतच विझते. म्हणून तो गवती छपरांपुरता ठेवा. लोखंडी नळीचे म्हैसुरी अग्निबाण अठराव्या शतकातले असल्याने ते इथे अजिबात नकोत, आणि ग्रीक अग्नी (शत्रूवर फवारायचे जळते द्रव) तर बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या आरमाराचे अस्त्र होते. बांबूच्या नळीचा अग्निबाण घेतलाच, तर काडी वाकलेल्या दिवाळीतल्या बाणासारखा तो भरकटू द्या.