प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्या काढण्यापूर्वी
नागपूरच्या सीताबर्डीवरून आपण घेतलेल्या वापरलेल्या संगणकात आधीच्या मालकाची बरीच अडगळ शिल्लक असणार, म्हणून प्रथम आपल्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ‘रिस्टोअर पॉइंट’, म्हणजे बिघडल्यास संगणक पूर्वस्थितीत नेण्याची खूण, तयार करावा. त्यानंतर विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधील ‘प्रोग्रॅम्स अँड फीचर्स’ उघडून यादी नावानुसार लावली, की एकाच प्रोग्रॅमच्या दोन-तीन आवृत्त्या एकाखाली एक दिसू लागतात.

काही प्रोग्रॅम चालवण्यासाठी लागणाऱ्या जावाची जुनी आवृत्ती नवी बसवल्यावरही मागे राहू शकते आणि तिच्यातील सुरक्षेच्या त्रुटी तशाच उघड्या राहतात, तेव्हा ती काढावीच. मात्र कार्यालयाचे एखादे काम तिच्यावरच चालत नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. वेब पानांवरील चलचित्रे व खेळ चालवणाऱ्या फ्लॅश प्लेअरला अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० नंतर आधार देणे थांबवले आहे, तेव्हा तो काढताना विचार करत बसू नये.

‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++’ या नावाच्या २००८, २०१०, २०१३ अशा ओळी पाहून मात्र हात आवरावा; इतर प्रोग्रॅमना चालण्यासाठी लागणाऱ्या सामाईक फाइली त्यांत असतात. मी एका उन्हाळ्यात, कूलरसमोर बसून, त्या सगळ्या जुन्या समजून उडवल्या आणि दुसऱ्या दिवशी हिशेबाचा प्रोग्रॅम डीएलएल (अशीच एक सामाईक) फाइल सापडत नसल्याची तक्रार करू लागला. २०१३ पर्यंतची प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र असते, नवी आवृत्ती तिची जागा घेत नाही. एक्स८६ (३२-बिट) आणि एक्स६४ (६४-बिट) या जोडीचेही तसेच.

प्रोग्रॅमचे फोल्डर थेट डिलीट करू नये, ‘अनइन्स्टॉल’च वापरावे. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या नोंदींचा साठा, साफ करून देणाऱ्या फुकट साधनांवर माझा तरी विश्वास नाही.