वडिलांना लघवीचं इन्फेक्शन होऊन गेलं, आता कंबर दुखते. जंतू मणक्यात जाऊ शकतात का? औषध किती दिवस?

जाऊ शकतात, रक्तातून. मोठ्या माणसांत असे जंतू बहुतेक वेळा मणक्यातच जाऊन बसतात. लघवी, करट, मधुमेहाची पायाची जखम, डायलिसिसची नळी, सुरुवात कुठूनही होते.

आमच्या सासूबाईंना मानेवर करट झालं होतं, शुगर वाढलेली. करट सुकलं, सगळे विसरले. पुढे कंबर धरली. झोपूनही दुखणं थांबेना. कूस बदलायची तर पलंगाची कड धरून, दात आवळून. ताप नाही, एक्स-रे नॉर्मल. घरात निकाल लागला, वय झालं. माझा विरोध असताना कंबर चोळूनही घेतली. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेवर काही दिसतच नाही, हे कुणी ऐकून घेईना. ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, खूप वाढलेला निघाला तेव्हा कुठे एमआरआय झाला. शेजारचे दोन मणके आणि मधली चकती खाल्लेली, बाजूला पू.

मग दीर अडून बसले. मणक्याचा टीबीच असतो, एकेटी म्हणजे टीबीच्या गोळ्या सुरू करा, सुई घातली की पसरतं! आपल्याकडे टीबी खूप आहे हे मान्य, पण न तपासता वर्षभर गोळ्या? रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघतात त्यात, काही उगवलं नव्हतं, कारण मध्ये कुणीतरी अँटिबायोटिकचा कोर्स देऊन टाकला होता. बायोप्सीच्या कागदावर सही होईपर्यंत मी हलले नाही. सीटीवर बघत सुईने तुकडा काढला. टीबी नाही, स्टॅफिलोकोकस ऑरियस, करटात सापडतो तोच जंतू. एकेटीतल्या रिफाम्पिसिनने चार दिवस बरं वाटलं असतं आणि जंतू त्या औषधाला निर्ढावला असता.

त्या आज वॉकर घेऊन चालतात. दीर अजून म्हणतात, सुईमुळे. मणका बसलेला एमआरआयमध्येच दिसतो, आणि तो एमआरआय बायोप्सीच्या आधीचा आहे. सुईने हे पसरत नाही, उशिराने पसरतं.

औषध साधारण सहा आठवडे, सुरुवातीला शिरेतून. बारा आठवड्यांइतकाच गुण सहांत येतो हे फ्रान्समधल्या 2015 च्या अभ्यासात दिसलं. पू साचलेला असेल तर जास्त लागू शकतं. टीबी निघाला तर हिशेबच वेगळा. आणि प्रत्येक कंबरदुखी मणक्यातल्या जंतूंचीच नसते, पण रात्री झोपू न देणारी असेल तर ईएसआर आणि तशीच सीआरपी ही रक्ततपासणी करा. अँटिबायोटिकची पहिली गोळी देण्याआधी ब्लड कल्चर मागा. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा, घरच्यांचं एकमत व्हायची वाट बघू नका.