बायबलमधलं ‘शिष्य करा’ म्हणजे लोकांना ख्रिश्चन करा असंच ना? आणि ते काम पास्टर लोकांचं असतं ना?

प्रश्न वाचून आधी जरा वाईट वाटलं, पण मग वाटलं की बाहेरून बघणाऱ्याला तसंच दिसत असणार, तेव्हा नीट उत्तर द्यावं. मी मूळची नगर जिल्ह्यातली, घरात चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, आता बरीच वर्षं पिंपरीत.

ते वाक्य मत्तयच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात) अगदी शेवटी येतं, 28व्या अध्यायात. पुनरुत्थानानंतर, म्हणजे मेलेल्यातून उठल्यावर, येशू गालीलातल्या डोंगरावर अकरा शिष्यांना भेटतो आणि त्यांना सांगतो. तिथे एक गोष्ट लिहिलीय जी मला फार धीर देते, की त्यातल्या काहींना संशय वाटत होता. तरी काम त्यांनाच दिलं, आधी संशय मिटवून या असं नाही म्हटलं. मूळ ग्रीकमध्ये त्या वाक्यात आज्ञा एकच आहे, शिष्य करा, बाकी जाणं, बाप्तिस्मा (ख्रिस्ती होताना पाण्याने करतात तो विधी) देणं, शिकवणं हे सगळं त्या एका क्रियापदाला जोडून येतं. आणि काय शिकवायचं, तर मी सांगितलेलं पाळायला शिकवा. नुसतं सांगा नाही, पाळायला. आता एखाद्याला क्षमा करायला शिकवायचं म्हटलं तर ते एका रविवारी होतं का? म्हणून बाप्तिस्मा झाला म्हणजे काम झालं असं जे समजतात (आमच्यातलेही खूप समजतात) ते चुकतात असं मला मनापासून वाटतं.

माझंच सांगते. सतराव्या वर्षी माझं दृढीकरण झालं, म्हणजे लहानपणीचा बाप्तिस्मा मोठेपणी स्वतः कबूल करायचा विधी, विश्वासांगीकार (आमच्या श्रद्धेचं कबुलीवाक्य) पाठ, दहा आज्ञा पाठ, सर्टिफिकेट मिळालं, आणि त्यानंतर सात-आठ वर्षं आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एकानेही विचारलं नाही की बाई तुझं कसं चाललंय. लग्न होऊन इकडे आले, रविवारी उपासनेला जायचं, मागच्या बाकावर बसायचं, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षारस) घ्यायचं, घरी येऊन स्वयंपाकाला लागायचं, बस. मग एक दिवस चर्चच्या दारात एका मावशींनी हात धरला. रिटायर्ड नर्स होत्या. म्हणाल्या, गुरुवारी ये गं दुपारी, मेथी निवडू लाग मला.

मी खरंच मेथी निवडायलाच गेले. परातीत मेथी, शेजारी पाटावर बायबल, पानांच्या कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या झालेल्या. मार्कच्या शुभवर्तमानाचा एकेक अध्याय मी मोठ्याने वाचायचे आणि त्या निवडत निवडत ऐकायच्या. शेवटी एकच प्रश्न, ‘मग आता या आठवड्यात काय करशील?’ तेव्हा माझं जावेशी दोन वर्षं बोलणं नव्हतं, ते एका गुरुवारी तोंडातून निघून गेलं. त्यांनी उपदेश केला नाही हो. त्यांचं स्वतःच्या भावाशी किती वर्षं बंद होतं आणि तो तसाच गेला ते सांगितलं, आणि सांगता सांगता रडल्या. मी लगेच काही केलं नाही, पण तीन आठवड्यांनी जावेला फोन लावला. माझ्या लेखी शिष्य करणं म्हणजे हे.

मावशींनी सेमिनरीचं, म्हणजे पास्टर घडवणाऱ्या शाळेचं, तोंड बघितलेलं नाही. पाळकांना, म्हणजे पास्टरना, किती घरं सांभाळायची असतात, ते प्रत्येकाच्या परातीपाशी कुठून बसणार? बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात 18व्या अध्यायात अपुल्लोस नावाचा मोठा विद्वान वक्ता आहे, त्याला कुणी समजावलं तर अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवरा-बायकोने, जे धंद्याने तंबू करणारे होते. आणि मी मावशींची शिष्या नाही बरं का, हे आपल्याकडे गुरू-शिष्य म्हटलं की लगेच गोंधळ होतो म्हणून सांगते. येशू स्पष्ट म्हणतो की तुमचा गुरू एकच, तुम्ही सगळे भाऊ-भाऊ. जिथे पास्टरच्या परवानगीशिवाय कुणाचं लग्न ठरत नाही की नोकरी बदलत नाही, तिथे तो स्वतःचे चेले जमवतोय, तिथून लांब राहा.

आता धर्मांतराचं. आम्ही आमच्या विश्वासाविषयी बोलतो, ते लपवायचं काही कारण नाही. पण लालूच दाखवून किंवा धाक घालून आणलेला माणूस शिष्य होऊच शकत नाही, कारण शिकायची इच्छा त्याची नाही. मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंच बघा ना, जन्माने ते हिंदू ब्राह्मण. 1893 मध्ये आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा भाग, दिला. त्यानंतर ते स्वतःच वाचत राहिले, झगडत राहिले, आणि फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 मध्ये, म्हणजे घरच्या माणसालाही पाच वर्षं लागली, आणि ती त्यांची त्यांना लागू दिली हे महत्त्वाचं. पुढे 1917 मध्ये, पंचावन्नच्या आसपास वय असताना, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची इच्छा होती. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनीही त्या माणसाचं शोधणं चालूच होतं!

सध्या माझ्याकडे आमच्या तरुण संघातली कॉलेजची एक मुलगी येते, गुरुवारीच. मार्क चालू आहे, सोळा अध्याय आहेत, आम्ही नवव्यावर अडकलोय. तिथे एक बाप आजारी मुलाला घेऊन येतो आणि येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. ती म्हणते, ताई, दोन्ही एकदम कसं असेल? दोन गुरुवार झाले, तिला अजून पटलेलं नाही, म्हणून आम्ही दहावा उघडलेला नाही.