भावाचा ठेका आणि सदस्याचे पद

प्रश्न : मी ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. माझा धाकटा भाऊ ठेकेदार असून अंतर्गत रस्त्याच्या काँक्रीटीकरणाचे काम सर्वांत कमी दराच्या निविदेवर त्याला मिळाले. ठरावाच्या वेळी मी मासिक सभेतून उठून गेलो होतो. तरीही विरोधी गटाने माझ्या अपात्रतेचा अर्ज केला आहे. माझे पद जाऊ शकते का? आणि आमदारांनाही हाच नियम आहे का? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्याला लागू होणारी तरतूद महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 14(1)(ग) मध्ये आहे. पंचायतीच्या आदेशाने झालेल्या कामात किंवा पंचायतीशी केलेल्या करारात ज्याचा स्वतः अथवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध असेल, तो सदस्य राहू शकत नाही. निविदा सर्वांत कमी दराची होती आणि ठरावाच्या वेळी आपण सभेत नव्हता, या दोन्ही गोष्टी आपल्या सचोटीची साक्ष देतील. पण या कलमाखाली त्यांचा फारसा उपयोग नाही, कारण येथे मत कोणी दिले हे पाहिले जात नाही, पैसा कोणाकडे गेला हे पाहिले जाते.

मात्र केवळ नात्यामुळे पद जात नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या नगरपालिका कायद्याखालील एका प्रकरणात, जेथे उमेदवाराचा मुलगा नगरपालिकेच्या नोकरीत होता, सर्वोच्च न्यायालयाने 1966 साली स्पष्ट केले की हितसंबंध आर्थिक असावा लागतो. रक्ताचे नाते पुरेसे नाही. उलट 2012 मध्ये गोव्यातील एका महिला सदस्याचे पद पतीच्या ठेक्यामुळे गेले, ते ती पत्नी होती एवढ्यासाठी नव्हे, तर तेथील कौटुंबिक कायद्यानुसार पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होत असल्याने पतीच्या कमाईत तिचा हिस्सा होता म्हणून.

म्हणून आपले प्रकरण घराच्या हिशेबावर ठरेल. वाटणी झाली आहे का, व्यवसायाचे भांडवल एकत्र कुटुंबाचे आहे का, निविदेची अनामत रक्कम कोणाच्या खात्यातून भरली, देयकाची रक्कम कोठे जमा झाली, हे प्रश्न निर्णायक आहेत. खेड्यात सहज नजरेआड होणारी एक गोष्ट येथे सांगायला हवी : या कामावर खडी वाहायला आपला ट्रॅक्टर लावला गेला आणि भावाने भाडे दिले, तर तो अप्रत्यक्ष हितसंबंध असल्याचा युक्तिवाद हमखास होईल. वेगळी शिधापत्रिका हा विभक्तपणाचा एक पुरावा आहे, पण एकटीवर विसंबू नये. आणि मागची तारीख टाकून वाटणीपत्र करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. पद वाचवण्याच्या नादात फौजदारी गुन्हा अंगावर येईल.

अर्जाचा निर्णय कलम 16 खाली जिल्हाधिकारी करतात व त्यावर अपील करता येते. सुनावणीपूर्वी अंदाजपत्रक, करारनामा, मोजमाप पुस्तिका आणि देयकाची प्रमाणके यांच्या प्रती घेऊन ठेवा. अर्जदारही त्या माहितीच्या अधिकाराखाली मागवू शकतो, तेव्हा आपली बाजू कागदानिशीच मांडा.

आमदारांचा नियम वेगळा, आणि माझ्या मते अकारण सैल आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 चे कलम 9क हे आमदाराने स्वतःच्या व्यापार-व्यवसायात राज्य सरकारशी केलेल्या, माल पुरवण्याच्या किंवा काम करण्याच्या चालू करारापुरतेच आहे. ‘अप्रत्यक्ष’ हा गावच्या सदस्याला अडचणीत आणणारा शब्द त्यात नाही. शिवाय आमदाराने आपल्या बाजूचे काम पूर्ण केले असेल, तर सरकारकडून बिल येणे बाकी असले तरी तेवढ्यावरून करार चालू असल्याचे मानले जात नाही. निवडून आल्यानंतर असा वाद उपस्थित झाल्यास त्याचा निर्णय निवडणूक आयोगाचे मत घेऊन राज्यपाल करतात.