पहिली मोटरसायकल घेतली आहे. रोजची निगा, चालवण्याच्या सवयी आणि इथेनॉल-एबीएसचे वाद, यांत खरं लक्ष कशाकडे द्यावं?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत. पहिलीच गाडी, रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, तर घरी काय काय बघत राहायचं? चालवताना कुठल्या सवयी लावायच्या? आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल नि एबीएसची (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) सक्ती यांवर जो गदारोळ चाललाय त्यात तथ्य किती? मी अठरा वर्षं रोज दुचाकीवर आहे. तीन गाड्या झाल्या, दोनदा पडलो. पहिल्यांदा पडलो ते सोडून द्या, उभ्या गाडीचा साइड स्टँड नीट लागला नव्हता एवढंच. दुसऱ्यांदा पडलो ते सांगण्यासारखं आहे.

संध्याकाळची वेळ, पाऊस नुकताच भुरभुरायला लागलेला, वेग पन्नासच्या आसपास. पुढची मोटार इंडिकेटर न देता वळायला म्हणून मध्येच थांबली. माझा पाय मागच्या ब्रेकवर गच्च बसला, हात पुढच्या ब्रेकला जेमतेम लागला. मागचं चाक जाम झालं, गाडीचं बूड एका बाजूला सरकलं आणि मी कुल्ह्यावर घसरत त्या मोटारीच्या हातभर मागे येऊन थांबलो. उठल्यावर पाहिलं तर रस्त्यावरच्या तेल-धुळीच्या राड्यातून पुसून काढल्यासारखी एक स्वच्छ, वाकडी रेघ होती. माझ्याच मागच्या टायरची. पुढच्या टायरची खूण कुठेच नाही, कारण त्याला मी काम दिलंच नव्हतं.

ब्रेक लागला की सगळं वजन पुढे येतं, हे बसल्या जागी जाणवतंच. पुढच्या टायरवर भार वाढतो, त्याची पकड वाढते. मागचं चाक हलकं होतं आणि चटकन घसरतं. म्हणून जोरात थांबताना सुमारे सत्तर टक्के काम पुढचा ब्रेक करतो. तरीही ‘पुढचा ब्रेक दाबशील तर कोलांटी खाशील’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. मलाही तोच मिळाला होता, आणि त्या संध्याकाळी मी तो तंतोतंत पाळला. हॅरी हर्ट या संशोधकाच्या पथकाने अमेरिकेत लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे ९०० दुचाकी अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. १९८१ साली आलेल्या त्या अहवालात हाच प्रकार नोंदलाय: ऐन वेळी चालकाने मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवलं आणि पुढचा पुरेसा वापरलाच नाही. अपघाताच्या आधीचा मधला वेग (निम्मे चालक याहून हळू, निम्मे याहून जोरात) ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास होता. म्हणजे शंभर-सव्वाशेच्या वेगाच्या गोष्टी नाहीत या, तुमच्या-माझ्या रोजच्या वेगाच्या आहेत.

तेव्हा नवी गाडी हातात आली की पहिल्या महिन्यात एक काम करा. रिकामं, कोरडं, सपाट मैदान किंवा रस्ता बघा. पंचवीसच्या वेगाने सरळ जा आणि दोन बोटांनी पुढचा ब्रेक दाबा. झटका द्यायचा नाही. ओला कपडा पिळताना जोर जसा चढत जातो तसा चढवायचा. पुढचं सस्पेन्शन खाली बसलं की मग आणखी दाबायचं. मागचा ब्रेक सोबतीला, बेताने. पंधरा-वीस वेळा करा, मग वेग चाळीसवर न्या. दर दोन-तीन महिन्यांनी मी अजूनही हे करतो. लोक बघतात, बघू देत.

चाळीस आणि साठ यांतला फरकही तिथेच अंगाला कळतो. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, चाळीसच्या वेगाने ११. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक-दीड सेकंद जातोच. शिवाय ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे वेग दीडपट तर ते अंतर सव्वादोनपट. हे मनात पक्कं बसलं की पुढच्या गाडीला चिकटून चालवणं आपोआप सुटतं.

आता एबीएस. चाकाजवळचा सेन्सर चाक जाम होऊ लागलंय हे ओळखतो आणि ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडतो-धरतो. हाताला ब्रेकची मूठ थरथरल्यासारखी लागते. नव्या माणसाला वाटतं काही बिघडलं, आणि तो हात सोडतो. सोडायचा नाही. मोटरसायकलवर हे पहिल्यांदा बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये आणलं, म्हणजे तंत्र काही कालचं नाही. युरोपीय संघाने १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना २०१६ पासून ते सक्तीचं केलं. भारतात १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून.

‘चालवता येणाऱ्याला एबीएसची गरज नाही’ म्हणणारे बरेच भेटतील. कोरड्या डांबरावर, सगळं आधीच दिसत असताना, कसलेला चालक एबीएसइतकाच किंवा थोडा कमी अंतरात थांबेलही. सुट्या खडीवर तर एबीएसमुळे अंतर कधीकधी वाढतं, हेही खरं. पण अपघात काय आधी कळवून येतो? मी स्वतःला बरा चालक समजत होतो आणि पाव सेकंदात पायाने सगळं ज्ञान बाजूला सारलं. म्हणून मी सक्तीच्या बाजूने आहे, आणि लहान गाड्यांनाही ते द्यायला हवं असं माझं मत आहे. रोज उन्हापावसात धावणाऱ्या बहुतेक गाड्या त्याच असतात. महागड्या मोठ्या गाडीला सुरक्षा आणि ज्याला परवडत नाही त्याला नुसता उपदेश, हे मला पटत नाही. एक मात्र लक्षात ठेवा: साधं एबीएस गाडी सरळ असताना तुम्हाला सांभाळतं. वळणात गाडी कललेली असताना जोरात ब्रेक दाबला तर त्याच्या भरवशावर राहू नका. वेग वळणाच्या आधीच कमी करायचा.

घरच्या घरी बघायच्या गोष्टींत मी टायर सर्वांत वर ठेवतो. गाडी आणि रस्ता यांच्यात तळहाताएवढे दोन तुकडे असतात, बाकी काही नाही. हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासायची. दहा-पंधरा किलोमीटर चालवून गेलात तर टायर तापलेला असतो आणि आकडा दोन-चार पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त दिसतो. त्याला बघून हवा सोडलीत तर सकाळी टायर कमी हवेचा. एक साधा गेज स्वतःचा ठेवा. किती हवा हवी ते गाडीच्या पुस्तिकेत आणि बहुधा चेन गार्डवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) चिकटवलेलं असतं. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, तोही वाचा. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा एक शिक्का असतो: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी तर हा आधी बघावा. नक्षी छान दिसते म्हणून सात-आठ वर्षांचा, दगडासारखा कडक झालेला टायर चालवणारे मी पाहिलेत.

मग चेन. चाकांच्या चकाकीत वेळ घालवण्यापेक्षा दर दुसऱ्या रविवारी पंधरा मिनिटं हिला द्या. तुमच्या हिशेबाने तेवढ्यात पाचेकशे किलोमीटर होतात, आणि साधारण तेवढ्यालाच तेल लागतं. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. ‘इंजिन बंद’ हे दोनदा वाचा; इंजिन चालू नि गाडी गिअरमध्ये ठेवून चाक फिरवत चेन पुसताना बोटं स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चाकात) जातात, आणि हे खरोखर घडतं. खालच्या बाजूच्या चेनच्या मधोमध बोट लावून वर-खाली ढकला. बहुतेक रोजच्या गाड्यांत हा खेळ २५ ते ३५ मिलिमीटर असावा लागतो, नेमका आकडा पुस्तिकेत. चाक हाताने थोडं थोडं फिरवत चार-पाच जागी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. सर्वांत ताठ जागा सापडली की माप तिथलं धरायचं. साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश. ओ-रिंगची (सांध्यांत रबरी कड्या असलेली) चेन असेल तर तारेचा ब्रश नको. तेल चेनच्या आतल्या अंगाला, शक्यतो गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना, म्हणजे रात्रभरात मुरतं. निघताना घाईत मारलेलं तेल मागच्या टायरवर आणि पँटवर उडतं. पावसात भिजलात तर पंधरवड्याची वाट बघू नका.

सैल चेन खडखडते, म्हणून कळते तरी. घट्ट चेन गप्प राहून नुकसान करते. माझी दुसरी गाडी सर्व्हिसिंगहून आली तेव्हा चेन तारेसारखी ताणलेली होती. ‘आवाज येत होता ना, काढला,’ असं उत्तर मिळालं. मागे माणूस बसला की मागचं चाक वर-खाली होताना चेन आणखी ताणली जाते आणि तो ओढा थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. काही महिन्यांत तिथून ऑइल गळायला लागलं. तेव्हापासून गाडी परत घेताना पैसे द्यायच्या आधी मी तिथेच खाली वाकून बोटाने चेन बघतो. संकोच वाटून घेऊ नका.

बाकीचं पटकन. इंजिन ऑइलची पातळी महिन्यातून दोनदा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, मग गाडी कितीही कमी चालली असो. ते हवेतलं पाणी शोषतं आणि तापल्यावर ब्रेक मऊ पडतो. क्लचची केबल तुटण्याआधी मुठीजवळ एकेक तार सुटायला लागते, तिकडे नजर असू द्या. रोज निघताना ब्रेक लाइट पेटतो का ते मागच्या भिंतीवर उजेड पडताना दिसतं.

हेल्मेट घालणार हे गृहीत धरतो, पण पट्टा लावणार का? ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटरसायकलवरून पडला, डोक्याला मार लागून सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केअर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे निरोप पोचवणाऱ्या लष्करी दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो छापला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. डोक्याला इजा होण्याचा धोका हेल्मेटमुळे सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे सांगतात. आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच दबतो. त्यामुळे एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी बदलायचं.

चालवण्याच्या सवयींत दोनच सांगतो. हर्ट यांच्याच अहवालात आहे की दुसरं वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी साधारण दोन-तृतीयांशांत त्या वाहनाने दुचाकीची वाट अडवली होती. तो ‘दिसलाच नाही’ म्हणतो, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. म्हणून फाट्यावर उभ्या मोटारीच्या चालकाकडे नको, तिच्या पुढच्या चाकाकडे बघा. माणूस तुमच्याकडे बघूनही तुम्हाला न पाहता निघतो. चाक फिरायला लागलं की मात्र ती निघाली हे नक्की. दुसरी सवय नजरेचीच: खड्ड्याकडे बघत राहिलात तर गाडी खड्ड्यातच जाते. जिथून जायचंय तिकडे बघा. पाऊस सुरू झाल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटं सर्वांत निसरडी, आणि रंगवलेले पट्टे नि लोखंडी झाकणं ओली असताना त्यांच्यावर ना ब्रेक ना वळण.

राहिलं इथेनॉल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे २० टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी. अॅव्हरेज पडलं अशी तक्रार करणारे खोटं बोलत नाहीत, ते साधं गणित आहे. पण ‘महिन्याभरात इंजिन खलास’ हेही खरं नाही. ब्राझीलमध्ये दशकानुदशकं हे मिश्रण चालतं, २०२५ च्या ऑगस्टपासून तर ३० टक्के. तिथल्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या असतात, खरी मेख तीच आहे. तुमची गाडी नवी असेल तर टाकीच्या झाकणाजवळ किंवा पुस्तिकेत ई२० (म्हणजे २० टक्के इथेनॉल चालेल) लिहिलंय का बघा आणि निर्धास्त राहा. जुन्या कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल नि हवा मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागाच्या) गाडीत रबरी नळ्या नि सील यांवर लक्ष हवं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये. माझी तक्रार मिश्रणाबद्दल नाही. जुनी गाडी असलेल्याला पंपावर कमी मिश्रणाचा पर्याय असावा आणि नळीवर टक्केवारी ठळक लिहिलेली असावी, एवढंच मागणं आहे.

गंमत अशी की सहा टक्के अॅव्हरेजवरून माझ्याशी तासभर भांडलेल्या एका मित्राच्या गाडीची हवा मी तिथेच मोजली. मागच्या टायरला ३३ पाहिजे, भरली २१. अॅव्हरेज तिथेही जात होतं, आणि ब्रेक लावल्यावर गाडी डुलत होती ते वेगळंच. त्याला गेज घेऊन दिला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, पुढच्या चाकाला किती ठेवायची म्हणून.